व्यासपीठ कोणाच्या मालकीचे?

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-समितीची बैठक भरली होती. तीत असा ठराव मांडण्यात आला की, ऑनलाइन व्याख्यानांसाठी प्रयोगशाळेत चालविला जाणारा आपला सर्व्हर यापुढे बंद करावा; त्याचे यंत्र जुने झाले आहे, नवे घ्यावयाचे तर पैसे पडतील, आणि तेच काम एक मोठी परदेशी कंपनी शिक्षणसंस्थांस फुकट करून देत आहे. ठराव मांडणारे गृहस्थ आमचे जुने स्नेही व विद्वान अध्यापक आहेत. आपले भाषण संपविताना त्यांनी विचारले, "फुकट मिळते ते टाकून हा खटाटोप कशासाठी?" बहुतेक सभासदांनी माना डोलावल्या. निर्णय पुढील बैठकीवर गेला खरा. पण तो आमच्या युक्तिवादाने गेला नाही, चहाची वेळ झाली म्हणून गेला.

बैठकीत आम्हांस उत्तरासाठी पाच मिनिटे मिळाली. तेवढ्यात जे सांगता आले नाही ते येथे सांगण्याचा विचार आहे. प्रश्न एकट्या आमच्या महाविद्यालयाचा असता तर या मासिकाची पाने अडविण्याचे धाडस आम्ही केले नसते. परंतु आमच्या माहितीतील बहुतेक महाविद्यालये, विद्यापीठांचे विभाग, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था आपली दूरस्थ व्याख्याने, प्रबंधांच्या तोंडी परीक्षा, समित्यांच्या सभा, फार काय शोकसभासुद्धा, दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या दिवाणखान्यांत भरवीत आहेत. आणि त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे कोणास वाटत नाही. हे न वाटणे हाच आमच्या तक्रारीचा विषय आहे.

ज्यांस या यंत्रविद्येचा परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंटरनेटवर दोन माणसे बोलतात तेव्हा त्यांचे संगणक एकमेकांशी परस्पर बोलू शकतात. माणसे अधिक झाली की सर्वांचे आवाज व चित्रे एके ठिकाणी येऊन तेथून सर्वांस वाटली जावी लागतात. हे ठिकाण म्हणजेच सर्व्हर. ते आकाशात नसते. कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी कुलुपाखाली असते. "आम्ही इंटरनेटवर सभा घेतली" हे म्हणणे "आम्ही गावात सभा घेतली" असे म्हणण्यापैकी आहे. गावात म्हणजे कोणाच्या वाड्यात, हे सांगितल्यावाचून त्या वाक्यास अर्थ येत नाही. दार केव्हा उघडावे, कोणास आत घ्यावे, दिवे केव्हा मालवावे आणि काय बोलले गेले याची नोंद ठेवावी की नाही, हे सर्व वाड्याचा धनी ठरवितो.

हे आम्हांस पुस्तकांतून कळले असे सांगता आले असते तर बरे झाले असते. आम्ही ते निराळ्या रीतीने शिकलो. २०२१ सालच्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, बाहेर साथीचा कहर चालू असता, आमचे एक निवृत्त ज्येष्ठ सहकारी घरच्या एका खोलीत बसून आमच्या पदव्युत्तर वर्गास महानुभाव वाङ्मयावर व्याख्याने देत होते. एकंदर अठरा व्याख्याने झाली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले. चाळीस वर्षे त्यांनी हस्तलिखिते वाचण्यात घालविली होती, पण छापलेले फारच थोडे; जे होते ते डोक्यात आणि टिपणवह्यांत. सकळ लिपीतील एकेक अक्षर ते खडूने पाटीवर काढीत आणि ती पाटी कॅमेऱ्यापुढे धरीत. हात थरथरे, पण अक्षर थरथरत नसे. वर्गातील विद्यार्थी तो तास कधी चुकवीत नसत, आणि शेवटी शेवटी तर इतर विषयांचे अध्यापकही येऊन गुपचूप बसू लागले होते.

या अठराही व्याख्यानांची ध्वनिचित्रे कंपनीच्या साठ्यात आपोआप उतरत गेली आणि तेथेच राहिली. पुढल्या वर्षी कंपनीने कळविले की, संस्थांस आजवर मिळणारी अमर्याद जागा यापुढे मर्यादित होईल. आमच्या कार्यालयातून परिपत्रक निघाले की, अमुक तारखेच्या आत जागा मोकळी करावी. ज्या खात्यावर ती व्याख्याने होती ते निवृत्त अध्यापकाचे, सबब निरुपयोगी, असे ठरून एका दुपारी पुसले गेले. त्यापूर्वी दोनच महिने ते गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलीने वडिलांचा आवाज ऐकावयास मिळेल का, असे विचारण्यासाठी आम्हांस फोन केला, तेव्हा झाला प्रकार उघडकीस आला.

यात दोष कोणाचा? कंपनीचा म्हणावा, तर तिने आपल्या अटींत असा अधिकार राखून ठेवला होता आणि आगाऊ सूचनाही दिली होती. कार्यालयातील कारकुनाचा म्हणावा, तर त्याने हाती आलेल्या यादीप्रमाणे काम केले. दोष आमचा. ते परिपत्रक आमच्याही मेजावर आले होते. आम्ही त्यावर सही करून ते पुढे पाठविले. जी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेविलेली असते तिची काळजी करण्याची सवय माणसास उरत नाही, एवढेच याचे कारण. फुकट मिळालेल्या सोयीची किंमत असते ती हीच. पैशाने ती चुकती करावी लागत नसल्यामुळे आपण ती देत आहो हे कळत मात्र नाही.

आता "फुकट" या शब्दाकडे वळू. स्काइप हे नाव आमच्या पिढीस चांगले परिचित आहे. २००३ साली ते निघाले. परदेशी गेलेल्या मुलांचे तोंड महाराष्ट्रातील किती आईबापांनी त्यावर पाहिले असेल त्याची गणती नाही. २००५ साली ते ईबे कंपनीने घेतले, २०११ साली मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतले, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते बंद झाले. ज्यांनी ते वीस वर्षे वापरले त्यांस कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. माल मालकाचा होता, त्याने दुकान उठविले.

दुसरे उदाहरण याहून आमच्या जवळचे आहे, कारण ते एका विद्यापीठातले आहे. २०२० च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को राज्य विद्यापीठातील दोन अध्यापिकांनी पॅलेस्टाईनमधील लैला खालिद या बाईंचा सहभाग असलेला एक परिसंवाद झूमवर योजिला होता. आदल्या दिवशी कंपनीने कळविले की, आमच्या व्यवस्थेवर हा परिसंवाद होणार नाही. तो दुसरीकडून दाखविण्याचा प्रयत्न झाला. यूट्यूबने तो मध्येच तोडला. पुढच्याच महिन्यात, कंपन्यांच्या या वागण्याची चर्चा करण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठातील अध्यापकांनी ठेविलेली सभाही झूमने होऊ दिली नाही. त्या बाईंची मते ग्राह्य की त्याज्य, त्यांस बोलाविणे शहाणपणाचे की नाही, हा प्रश्न अगदी निराळा आहे, आणि त्यावर त्या विद्यापीठात कडाक्याचे वाद झाले ते योग्यच झाले. आमचा प्रश्न एवढाच आहे की, विद्यापीठात कोणी बोलावे हे ठरविण्याचा अधिकार कुलगुरूंचा, विद्वत्सभेचा, प्रसंगी न्यायालयाचा, की दिवाणखाना भाड्याने देणाऱ्या व्यापाऱ्याचा? त्याच वर्षीच्या जून महिन्यात, तिआनमेन हत्याकांडाचा स्मरणदिन पाळणाऱ्या चिनी कार्यकर्त्यांची खाती याच कंपनीने चीन सरकारच्या मागणीवरून बंद केली होती. ती मंडळी अमेरिकेत बसून सभा घेत होती! पुढे टीका झाल्यावर खाती परत उघडली गेली. पण टीका करावयास जगातील वृत्तपत्रे प्रत्येकाच्या पाठीशी उभी राहत नसतात.

"पण आमचे बोलणे तर सांकेतिक लिपीत बंद असते, ते कोणास कळणार?" असे कित्येक भाबडे लोक विचारतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, अशा सभांत प्रत्येकाच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतची वाट बंदिस्त असली, तरी खुद्द सर्व्हरवर सामान्यतः ती गाठ सुटते आणि पुन्हा बांधली जाते. आपल्या सभा आरंभापासून शेवटपर्यंत बंदिस्त आहेत असे झूम कंपनी कित्येक वर्षे सांगत होती. किल्ल्या मात्र तिच्याच हाती होत्या, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार-आयोगाने ठेविला आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्या प्रकरणी तडजोड झाली. हे सांगण्यात त्या एका कंपनीवर राग काढण्याचा हेतू नाही. मुद्दा इतकाच की, जेथे गाठ सुटते ती जागा कोणाची, हा या विषयातील शेवटचा प्रश्न नसून पहिला प्रश्न आहे.

मराठी वाचकांस हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. छापण्याची कला मुंबईत मिशनऱ्यांच्या छापखान्यांत दिसू लागली तेव्हा गणपत कृष्णाजींनी ती नुसती पाहून "काय ही विद्या!" म्हणून तोंडात बोट घातले नाही, छापण्याचे यंत्र आणि खिळे यांच्या मागे लागून १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग स्वतः छापून काढले. पुढे १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांस जखडणारा कायदा आला, तेव्हा त्याचा रोख मुद्रक व प्रकाशक यांजकडून मुचलके घेण्यावर होता. कारण मुद्रक भ्याला म्हणजे लेखकाचे तोंड वेगळे बंद करावे लागत नाही, हे राज्यकर्त्यांस पक्के ठाऊक होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे तरुण सहकारी यांसही ते ठाऊक होते. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला तो या मंडळींनी आर्यभूषण छापखान्याची उभारणी मनावर घेतली म्हणून. छापखाने तेव्हा पुण्यात दुसरे नव्हते असे नाही. पैसाही त्यांच्यापाशी फार होता असे नाही. परंतु लिहावयाचे आपण आणि छापणे न छापणे दुसऱ्याच्या मर्जीवर, ही स्थिती त्यांस मानवली नाही. त्यांचे नाव सभागृहांस देणारे आम्ही मात्र आज ते सभागृह कोणाचे हेच विचारीत नाही.

बरे, गणपत कृष्णाजींपुढे होत्या तशा अडचणी आज आहेत काय? मुळीच नाहीत. आज यंत्राची सर्व रचना छापील पुस्तकासारखी उघडी करून जगापुढे ठेविलेली आहे. आणि गंमत अशी की ती ठेवणारे मूळचे आमच्याच धंद्यातील लोक आहेत. ज्या २००३ साली स्काइप निघाले त्याच साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इव्हॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून एक काम सुरू केले. पुढे त्याचे नाव 'जित्सी' पडले; बल्गेरियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'तारा' असा आहे. दुसरे असेच सॉफ्टवेअर 'बिगब्ल्यूबटन'. ते २००७ साली कॅनडातील ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात, दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांस वर्गात बसता यावे म्हणून जन्मास आले, आणि त्यात फळा, प्रश्नोत्तरे, हात वर करणे इत्यादी वर्गाच्या सर्व रीती मुळापासून आहेत. दोहोंचाही मूळ मजकूर, म्हणजे ज्या आज्ञांनी यंत्र चालते त्या सर्व आज्ञा, कोणासही वाचता येतात, बदलता येतात आणि आपल्या यंत्रावर चालविता येतात. स्काइप साडेआठ अब्जांस विकले गेले आणि संपले. त्याच्या बरोबरीने जन्मलेले विद्यार्थ्याचे काम हातोहात फिरूनही जिवंत आहे, कारण ते कोणाच्याच तिजोरीत पुरते मावत नाही.

आमचा स्वतःचा खटाटोप असा. २०२२ सालच्या दिवाळीच्या सुटीत पदार्थविज्ञानाचे एक तरुण अध्यापक, एक प्रयोगशाळा-साहाय्यक आणि दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी, असे चौघे जण मोडीत काढावयाचा एक संगणक घेऊन बसले. आम्ही पाचवे, आमचे काम चहा मागविण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे. यंत्रात ८ जीबी रॅम होती. तीवर डेबियन ही मुक्त प्रणाली घातली, महाविद्यालयाच्या नावाखाली एक नवे उपनाव नोंदविले, लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या व्यवस्थेकडून विनामूल्य प्रमाणपत्र घेतले, आणि जित्सी बसविले. त्याचे मुख्य भाग चार: दारावर उभा राहून येणाऱ्यास पान दाखविणारा वेब-सर्व्हर, निरोपांची ने-आण करणारा 'प्रोसडी', कोण कोणत्या खोलीत आहे हे पाहून सभेची सूत्रे हलविणारा 'जिकोफो', आणि सर्वांची चित्रे व आवाज घेऊन सर्वांस वाटणारा 'व्हिडिओब्रिज'. हे सर्व बसविण्यास एक तास लागला, आणि आम्हांस मोठा विजय झाल्यासारखे वाटले.

तो विजय तिसरा माणूस येईपर्यंत टिकला. दोघे बोलत तोवर सर्व ठीक. तिसरा आत आला की तिघांचीही चित्रे काळी पडत आणि आवाज बंद होई. दोन दिवस या कोड्यात गेले. मग एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, दोघेच असतात तेव्हा त्यांचे संगणक परस्पर बोलतात, आमच्या सर्व्हरचा 'पूल' त्यात वापरलाच जात नाही. तिसरा आला की बोलणे पुलावरून जाऊ लागते, आणि पूल तर तुटलेला! आमचे यंत्र महाविद्यालयाच्या आतल्या जाळ्यात होते; त्याचा आतला पत्ता एक, जगास दिसणारा पत्ता दुसरा, आणि हे त्यास कोणी सांगितलेले नव्हते. दोन्ही पत्ते त्याच्या फाइलीत लिहिले, महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे १०००० क्रमांकाचे दार उघडले, आणि चौघांचीही तोंडे पडद्यावर दिसू लागली. त्या विद्यार्थ्याने त्या दोन दिवसांत संगणकजाळ्यांविषयी जे शिकले ते त्याच्या पाठ्यपुस्तकात होतेच. पण ते पाठ होते, कळलेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात आणखी एक धडा मिळाला. आमच्या सर्व्हरवर खोली उघडण्यास कोणासही मज्जाव नव्हता, आणि कोठली कोण मुले तेथे येऊन रात्री उशिरापर्यंत गप्पा मारीत होती! तेव्हापासून खोली उघडण्यास अध्यापकाचे नाव व परवलीचा शब्द लागतो. ऐकणाऱ्यास मात्र काहीच लागत नाही, खाते नाही की फोनचा क्रमांक नाही. दुव्यावर बोट ठेवले की तो वर्गात.

यंत्रावर भार किती पडतो याचाही हिशेब सांगतो, कारण तो न करता लोक घाबरतात किंवा फुशारतात. वीस माणसांनी वीसही कॅमेरे चालू ठेवले तर प्रत्येकास एकोणीस चित्रे पाठवावी लागतात, म्हणजे सर्व्हरमधून ३८० प्रवाह बाहेर पडतात. उलट एक व्याख्याता आणि साठ श्रोते असले, आणि श्रोत्यांनी कॅमेरे बंद ठेवले, तर प्रवाह फक्त साठ. प्रत्येकास सेकंदाला एक मेगाबिट धरले तरी साठ मेगाबिटांत काम भागते. वर्ग म्हणजे बहुधा हाच दुसरा प्रकार होय.

आता आक्षेप घेऊ. पहिला असा की, कंपनीचे चित्र अधिक स्वच्छ दिसते आणि खेड्यातल्या मंद जाळ्यावरही टिकते. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या यंत्रास तीनशे माणसांची सभा झेपणार नाही, हेही खरे. बिगब्ल्यूबटनचे कर्ते तर नित्याच्या वापरासाठी आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असावी असे सांगतात, आणि ते योग्य आहे. पण आमचे वर्ग साठांचे, तोंडी परीक्षा पाच जणांच्या, आणि वाङ्मय मंडळाच्या बैठकी पंचवीसांच्या असतात. दुसऱ्याच्या राजवाड्यात झुंबरे मोठी असतात म्हणून कोणी आपले घर मोडीत नाही.

दुसरा आक्षेप, "हे सांभाळणार कोण?" महाविद्यालयात बागेस माळी आहे, दारास पहारेकरी आहे, जनित्रास माणूस आहे, ग्रंथालयास ग्रंथपाल आहे, या सर्वांची नेमणूक करताना "सांभाळणार कोण" हा प्रश्न कोणी निरुत्तर करणारा मानला नाही. शिवाय आम्ही संगणकशास्त्राची पदवी देतो. जे महाविद्यालय विद्यार्थ्यांस सर्व्हर कसा चालवावा हे शिकविण्याची फी घेते, त्याने स्वतःचा सर्व्हर आपल्यास चालविता येत नाही असे सांगावे, ही कबुली आमच्या मते थोडी खाजगीत ठेवण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप, "आमच्या वर्गात लपविण्यासारखे आहे काय?" आहे. विद्यार्थी तेथे चुकतो, आणि चुकण्यासाठीच तेथे येतो. कोणी आपल्या घरच्या दारिद्र्याविषयी बोलतो, कोणी जातीमुळे सोसलेल्या अपमानाविषयी, कोणी वयाच्या विसाव्या वर्षी शोभणारी आणि तिसाव्या वर्षी न शोभणारी मते ठामपणे मांडतो. वर्गास दार असते ते याच कारणासाठी. ते चोरीसाठी असते असा समज आजवर कोणी करून घेतला नव्हता.

चौथा पक्ष स्वदेशीवाल्यांचा. त्यांचे म्हणणे, परदेशी कंपनी सोडून देशी कंपनी धरावी म्हणजे झाले. २०२० साली केंद्र सरकारने अशा सॉफ्टवेअरसाठी स्पर्धा लावली आणि ती केरळातील आळप्पुळा येथील एका छोट्या कंपनीने जिंकली, याचा आम्हांसही आनंद वाटला. पण घरमालक आपल्या गावचा निघाला म्हणून भाडेकरूच्या नावे सातबारा होत नाही. याच्या उलट टोकाचे लोक म्हणतात, "तुमचे जित्सी तरी कोठे देशी आहे? त्याचे कर्ते अमेरिकन कंपनीच्या पगारावर आहेत." होय, आहेत, २०१५ साली ते ॲटलासियन कंपनीकडे आणि २०१८ साली एटबायएट कंपनीकडे गेले. पण ज्या परवान्याने ते आम्हांस मिळाले आहे तो परत घेता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टात त्या कंपनीने आपल्या सार्वजनिक सभागृहाचा नियम बदलला. तेथे खोली उघडणाऱ्यास गूगल, फेसबुक किंवा गिटहब यांपैकी एकाचे खाते दाखवावे लागू लागले. कारणे सबळही असतील. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रास मात्र त्या नियमाची वार्ताही लागली नाही. विद्या कोणत्या देशातून आली हा प्रश्न नाही; ती आपल्या हाती आली की नाही, हा प्रश्न आहे.

इतके लिहिल्यावर आमच्याच पक्षातील उत्साही मंडळींस दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे, नाही तर हा लेख एकांगी होईल. एका रात्रीत सर्व्हर उभारून त्याचे छायाचित्र मित्रांस पाठविणारे आणि पुढे सहा महिने त्याकडे न पाहणारे लोक आमच्या पक्षाची जितकी हानी करतात तितकी विरोधक करीत नाहीत. ज्या यंत्रावर सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर चढत नाहीत ते कंपनीच्या यंत्रापेक्षाही धोक्याचे. आमचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे होते. एकदा फायरवॉलचे एक दार चुकून बंद राहिल्यामुळे त्याचे नूतनीकरण झाले नाही, आणि ऐन व्याख्यानाच्या दिवशी सर्वांच्या पडद्यावर "हे संकेतस्थळ सुरक्षित नाही" अशी पाटी झळकली. त्या दिवशी आमच्या स्नेह्यांनी आमच्याकडे पाहून जे स्मित केले ते आम्ही निमूटपणे गिळले. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सर्व्हरवर गाठ सुटते असे आम्ही वर म्हटले; ती आमच्या सर्व्हरवरही सुटते. म्हणजे ज्याच्या हाती प्रयोगशाळेची किल्ली तो मनात आणील तर अध्यापकांची सभा ऐकू शकेल. तो प्राचार्य असेल, संस्थाचालक असेल किंवा आम्ही असू. परक्याची पाळत वाईट आणि घरच्याची चांगली, असे आम्ही म्हणत नाही. फरक इतकाच की, घरच्यास नियमाने बांधता येते, त्यास सभेत जाब विचारता येतो, आणि प्रसंगी त्याची किल्ली काढून घेता येते. म्हणून आम्ही नियम केले: किल्ली दोघांपाशी, एकट्यापाशी नाही, वक्त्याच्या लेखी संमतीवाचून मुद्रण नाही, आल्यागेल्याची नोंद पंधरा दिवसांनी पुसावयाची.

आमची मागणी फार मोठी नाही. प्रत्येक लहान महाविद्यालयाने आपापले यंत्र बाळगावे असेही आम्ही म्हणत नाही. विद्यापीठाने एक चांगली व्यवस्था उभारून संलग्न महाविद्यालयांस तीत खोल्या द्याव्या हे अधिक सोयीचे. सरकारने नॅशनल नॉलेज नेटवर्क २०१० साली मंजूर केले, आणि सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेच्या जोडण्या अनेक विद्यापीठांच्या दारापर्यंत नेल्या. दार आतून उघडावयाचे तेवढे राहिले. दुसरे, हे काम पाहण्यास एक पगारी जागा असावी. तिसरे, व्याख्यानांची मुद्रणे ही कार्यालयाची अडगळ नसून ग्रंथालयाची मालमत्ता आहे असे ठरावे. आणि ज्यांस कंपनीचा दिवाणखाना सोडवत नाही त्यांनी निदान प्रत्येक व्याख्यानाची एक प्रत आठवड्याच्या आत आपल्या घरी आणावी. यास ना सर्व्हर लागतो ना तत्त्वज्ञान.

यांपैकी तिसरी गोष्ट आमच्याकडे होऊन चुकली आहे. आमच्या सर्व्हरवर झालेली व्याख्याने दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरतात, आणि ग्रंथपालबाई त्यांची नोंद पुस्तकांप्रमाणेच दाखल-वहीत करतात: क्रमांक, तारीख, वक्ता, विषय. त्या वहीतील पहिली नोंद मात्र आमच्या सर्व्हरवरील व्याख्यानाची नाही. त्या अठरा व्याख्यानांपैकी अकरावे एका विद्यार्थिनीने, पुन्हा ऐकता यावे म्हणून, आपल्या फोनवर उतरवून घेतले होते. चित्र नाही, नुसता आवाज. मध्येच तिच्या घरच्या कुकरच्या शिट्या. पाटीवर खडू घासल्याचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो. त्याची एक प्रत आम्ही त्यांच्या मुलीस दिली.

पुढील बैठकीत ठराव पुन्हा येईल. नव्या यंत्राच्या किमतीचा कागद आम्ही तयार ठेविला आहे. पण त्याआधी ती दाखल-वही सभेपुढे ठेवून तिची पहिली ओळ वाचून दाखवावी, आणि उरलेली सतरा व्याख्याने कोठे आहेत हे आमच्या स्नेह्यांस विचारावे, असा आमचा विचार आहे.